लेझर, मोतीबिंदू आणि तिरका नंबर

मोतीबिंदूच्या लेझर शस्त्रक्रियेबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. यावेळी चार पत्रे एकदमच घेतो.

प्रश्न : आईचा मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबा, असे शेजारी म्हणतात. थांबावे का?

उत्तर : नाही. शेजाऱ्यांना नव्हे, डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पिकून कडक झालेला मोतीबिंदू काढायलाही अवघड आणि डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर मोजायलाही.

प्रश्न : चष्म्यात 1.75 सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर, आहे. रुग्णालयाने ‘लेझर पॅकेज’ सांगितले आहे. त्यात तिरका नंबर आपोआप जाईल ना?

उत्तर : आपोआप काही जात नाही! व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्रफितीत लेझर मोतीबिंदू वितळवताना दाखवतात, ते विसरा. फेमटोसेकंद लेझर (अतिसूक्ष्म स्पंदांचा लेझर) डोळ्याच्या नैसर्गिक भिंगाच्या आवरणाला गोल छेद देतो आणि आतल्या गाभ्याचे तुकडे करतो. ते तुकडे ओढून घ्यायला पुढे फेकोचे (ध्वनिलहरींनी गाभा फोडून ओढून घेणारे) यंत्र लागतेच. तिरक्या नंबरासाठी बुबुळाच्या (कॉर्नियाच्या) कडेला कमानीसारखे छेद वेगळे ठरवून द्यावे लागतात आणि ते साधारण एक डायॉप्टरपर्यंतच्या (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) दोषालाच पुरतात. त्याहून जास्त असेल तर टोरिक भिंग, म्हणजे तिरका नंबर भरून काढणारे कृत्रिम भिंग, घ्यावे, आणि ते लेझरशिवायही उत्तम बसवता येते. फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2020 साली आले. साध्या फेकोपेक्षा लेझरने नजर अधिक चांगली झाल्याचे त्यांत दिसले नाही. म्हणून पॅकेजच्या कागदावर ‘टोरिक’ लिहिले आहे का ते बघा. नसेल, तर जादा पैसे कशाचे, हे स्पष्ट विचारा. आणखी एक. चष्म्यातला सगळा सिलिंडर बुबुळाचा नसतो. काही भाग मोतीबिंदू झालेल्या भिंगाचा असतो, तो भिंगाबरोबरच निघून जातो. केराटोमेट्री आणि टोपोग्राफी (बुबुळाची गोलाई मोजणाऱ्या तपासण्या) पाहिल्याशिवाय 1.75 या आकड्यावर कोणी निर्णय देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

प्रश्न : टोरिक भिंग डोळ्यात फिरते म्हणे?

उत्तर : क्वचित, तेही बहुधा सुरुवातीच्या दिवसांत. भिंगाचा अक्ष (ज्या दिशेने ते बसवायचे ती रेषा) एक अंश चुकला की सुमारे 3 टक्के परिणाम कमी होतो, 30 अंशांवर काहीच उरत नाही. आडवे झाल्यावर डोळा किंचित वळतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी रुग्णाला आधी ताठ बसवून बुबुळाच्या कडेला शाईची खूण करतात. नंतर नजर धूसर वाटली तर ‘पुढच्या तपासणीला सांगू’ म्हणून थांबू नका. भिंग पुन्हा जागेवर आणता येते, पण वेळेत.

प्रश्न : भिंगाच्या नंबराच्या मोजणीला कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेले तर चालेल?

उत्तर : मुळीच नाही. लेन्समुळे बुबुळाचा आकार बदललेला असतो. किती दिवस आधी काढायच्या हे लेन्सच्या प्रकारावर ठरते. मोजणीची वेळ घेतानाच विचारून घ्या.