पहिला ट्रान्समीटर कोणता घ्यावा आणि विमानाशी कसा जुळवावा

तुमचा प्रश्न मला असा समजला: फोमचं, वर पंख असलेलं, रिमोटने उडणारं चार चॅनेलचं शिकाऊ विमान ठरलंय (एक चॅनेल म्हणजे विमानाचा एक भाग चालवणारी एक आज्ञा). त्याच्यासोबत मिळणारा साधा ट्रान्समीटर, म्हणजे हातात धरायचा रिमोट, पुरेल, की दहा-बारा चॅनेलचा वेगळा घ्यावा? मोड १ की मोड २? आणि घेतल्यावर सेटिंग कुठून सुरू करायचं?

माझं मत स्पष्ट आहे. जमत असेल तर ट्रान्समीटर वेगळा आणि चांगला घ्या, कारण विमानं मोडतात, बदलतात, देऊन टाकली जातात, पण ट्रान्समीटर वर्षानुवर्षं तोच राहतो. बोटांना ज्या स्टिकची सवय होते ती सहजी सुटत नाही.

मोडचं आधी ठरवा. मोड म्हणजे कोणती स्टिक काय चालवते याची मांडणी. मोड २ मध्ये थ्रॉटल (मोटरचा वेग) आणि रडर (शेपटीची उभी पट्टी, नाक डावी-उजवीकडे वळवणारी) डाव्या स्टिकवर, एलेव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करणारी) आणि एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, विमान कलवणाऱ्या) उजव्या स्टिकवर असतात. मोड १ मध्ये एलेव्हेटर आणि रडर डावीकडे, थ्रॉटल आणि एलेरॉन उजवीकडे. यात चांगलं-वाईट काही नाही, दोन्हींवर उत्तम उडवणारे लोक आहेत. तुम्हाला जो शिकवणार आहे त्याचा जो मोड, तोच तुमचा. विमान हाताबाहेर जायला लागलं की ट्रान्समीटर त्याच्या हातात द्यावा लागतो, आणि तेव्हा त्याला विचार करायला वेळ नसतो.

चॅनेलच्या आकड्याला फार भुलू नका. शिकण्यापुरते चार बास. पण पुढच्याच विमानात दोन्ही एलेरॉनना वेगळे चॅनेल हवेसे वाटतील, मग फ्लॅप (उतरताना वेग कमी ठेवायला पंखाच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या) येतील. मोटर असलेल्या ग्लायडरला दोन एलेरॉन, दोन फ्लॅप, एलेव्हेटर, रडर आणि मोटर मिळून सात लागतात. आठ चॅनेल असले की बहुतेकांना पुढे कमी पडत नाहीत.

खरी निवड प्रोटोकॉलची असते, म्हणजे ट्रान्समीटर आणि विमानातला रिसीव्हर ज्या भाषेत बोलतात तिची. आजचे जवळजवळ सगळे सेट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणून कुठलाही रिसीव्हर कशालाही चालेल असं नवख्याला वाटतं. तसं नाही. फुटाबाचं फास्ट किंवा टी-एफएचएसएस, स्पेक्ट्रमचं डीएसएमएक्स, फ्लायस्कायचं एएफएचडीएस २ए, फ्रस्कायचं अ‍ॅक्सेस, मुक्त स्रोतातलं एक्सप्रेसएलआरएस या सगळ्यांची भाषा वेगळी. प्रत्येक विमानात एक रिसीव्हर बसणार, म्हणून ट्रान्समीटरच्या किमतीइतकंच त्याचे रिसीव्हर केवढ्याला आणि किती सहज मिळतात तेही बघा. मल्टी-प्रोटोकॉल मॉड्यूल (अनेक प्रोटोकॉल बोलणारा भाग) असलेला, एजटीएक्स या मुक्त स्रोतातल्या सॉफ्टवेअरवर चालणारा सेट यातल्या काहींशी बोलतो. मेन्यूत बसून खटपट करायची हौस असेल तर तो घ्या, नसेल तर तुमच्या मैदानावर बहुतेक जण जे वापरतात तेच घ्या, अडलं तर विचारायला माणूस जवळ असेल. जुने ७२ किंवा ३५ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलवाले सेट कुणी फुकट दिले तरी नकोत. एकाच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याने सेट चालू केला की तुमचं विमान गेलंच.

हॉल सेन्सरचे (चुंबकाने जागा ओळखणारे) गिंबल, म्हणजे स्टिकची यंत्रणा, पुरेशी मॉडेल मेमरी (प्रत्येक विमानाचं सेटिंग साठवायची जागा) आणि कॉम्प्युटरवर सिम्युलेटर चालवता येईल अशी यूएसबी जोडणी, या तीन गोष्टी असतील तर उत्तम. सिम्युलेटर याच ट्रान्समीटरवर खेळा, बोटं इथेच तयार होतात.

आता सेटिंग. सगळ्यात आधी प्रोपेलर काढून ठेवा. यात सूट नाही.

नवीन मॉडेल मेमरी उघडा, ट्रिम (उडताना स्टिकचा मध्य थोडा सरकवणारी बटणं) आणि सब-ट्रिम (मेन्यूतून सर्व्होचा मध्य सरकवणारं सेटिंग) शून्यावर ठेवा, रिसीव्हर बाइंड करा (ट्रान्समीटरशी जोडा) आणि सर्व्हो (पृष्ठभाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मध्यावर येऊ द्या. मगच सर्व्होचा हात रॉडशी काटकोनात बसवा. दात असल्यामुळे तो अगदी नेमका बसत नाही, राहिलेला थोडा फरक सब-ट्रिमने काढा. पृष्ठभाग (एलेरॉन, एलेव्हेटर, रडर) सरळ करायचा तो क्लेव्हिस, म्हणजे रॉडच्या टोकाची आट्यांची चिमटी, फिरवून. हालचाल फार जास्त होत असेल तर रॉड सर्व्होच्या हातावर आतल्या भोकात किंवा हॉर्नवर (पृष्ठभागावरच्या उभ्या दांड्यावर) बाहेरच्या भोकात घ्या. ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंट (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) ५० टक्क्यांवर आणून काम भागवलं तर सर्व्होची निम्मी अचूकता वाया जाते. एंड पॉइंट मुख्यतः टोकाला सर्व्हो अडकून गुरगुरू नये यासाठी आहेत.

मग दिशा. विमानाच्या शेपटीमागे उभे राहा, नाक तुमच्यापासून दूर. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर, डावा खाली. एलेव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे दिला की त्याची मागची कड उजवीकडे. एलेरॉनसाठी सोपी खूण: अंगठा सरळ वर करून स्टिक धरा आणि बाजूला न्या, अंगठा ज्या बाजूला झुकेल त्या पंखाचा एलेरॉन वर उठलेला दिसला पाहिजे. बरेच जण नुसतं ‘हलतंय ना’ एवढंच बघतात. उलटा एलेरॉन जमिनीवर निरुपद्रवी दिसतो, उड्डाणानंतर विमान काही सेकंदांत आडवं होतं.

ड्युअल रेटसाठी (स्विचने जास्त किंवा कमी हालचाल निवडायची सोय) उत्पादकाने दिलेली हालचाल जास्त रेटवर ठेवा, कमी रेट साधारण ७० टक्के. त्याहून खूप कमी करू नका, उतरताना वेग घटला की पृष्ठभागांचा परिणामही घटतो आणि नेमकं तेव्हाच एलेव्हेटर पुरत नाही. एक्स्पो (स्टिकच्या मध्याजवळची हालचाल मऊ करणारं सेटिंग) २५ ते ३० टक्के. इथे चिन्ह सांभाळा: फुटाबावर वजा आकड्याने मध्यभाग मऊ होतो, स्पेक्ट्रम आणि एजटीएक्सवर अधिक आकड्याने. चुकीच्या चिन्हाने विमान मध्यावरच बिथरतं. स्क्रीनवरचा आलेख मध्यावर सपाट व्हायला हवा, तेवढं डोळ्यांनी बघून घ्या.

ज्यावर मला सगळ्यात जास्त जोर द्यायचाय ते फेलसेफ. सिग्नल तुटला तर रिसीव्हरने काय करायचं हे तुम्ही ठरवायचं असतं. काही रिसीव्हर शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर सिग्नल गेला तर विमान पूर्ण थ्रॉटलवरच लोकांच्या दिशेने जाऊ शकतं. शिकाऊ विमानाला थ्रॉटल पूर्ण बंद आणि बाकी पृष्ठभाग मध्यावर, हे योग्य. काही पद्धतींत बाइंड करतानाची स्टिकची जागाच फेलसेफ म्हणून साठवली जाते, तेव्हा थ्रॉटल खाली ठेवूनच बाइंड करा. नंतर प्रोपेलर काढलेलाच असताना थ्रॉटल अर्ध्यावर न्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. पुन्हा बाइंड केलं की ही चाचणी पुन्हा करा. थ्रॉटल कटचा (मोटर बंद ठेवणारा) स्विच वेगळा लावा. तो तुम्ही विमान हाताळत असताना मोटर फिरू नये म्हणून असतो, फेलसेफचं काम तो करत नाही.

रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवा. टोकाचा सुमारे ३१ मिलिमीटरचा उघडा भाग सरळ राहू द्या, बॅटरी आणि कार्बन फायबरपासून लांब. उडवताना ट्रान्समीटरच्या अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात क्षीण असतो. मैदानावर पोहोचलात की रेंज-चेक (ट्रान्समीटरची ताकद मुद्दाम कमी करणारी सोय) लावून साधारण ३० पावलांवरून सगळे पृष्ठभाग हलवून बघा. मदतनीसाने विमान घट्ट धरलेलं असू द्या आणि मोटर चालवूनही बघा.

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग विमान, बंद करताना आधी विमान. स्क्रीनवर मॉडेलचं नाव बरोबर आहे ना, ते दर वेळी वाचा. टायमर सुरुवातीला पाच मिनिटांचा ठेवा, उतरल्यावर लायपो (विमानाची बॅटरी) मोजा आणि साधारण एक चतुर्थांश चार्ज शिल्लक राहील असा तो कमी-जास्त करा. पहिल्या उड्डाणानंतर ट्रिम जितके सरकले असतील तेवढं क्लेव्हिस फिरवून रॉडवरच घ्या आणि ट्रिम परत मध्यावर आणा, नाहीतर एका बाजूला ट्रिम देण्याची जागा कमी राहते.