भूत असलेली गोष्ट रहस्यकथा होऊ शकते का?

जपानी लाइट नॉव्हेल (तरुण वाचकांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या) आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांमध्ये भूतंखेतं, गूढ आणि प्रेम एकाच गोष्टीत असतं असं तुम्ही ऐकलंय. तुमची शंका अशी की भूत काहीही करू शकत असेल तर रहस्यात राम काय उरला? आणि वाचायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची?

शंका अगदी रास्त आहे. बंद खोलीतला खून भिंतीतून आरपार जाणाऱ्या भुताने केला असं शेवटच्या पानावर कळलं, तर मीही पुस्तक भिरकावून देईन. पण या प्रकारातले चांगले लेखक भुताला मोकळं सोडतच नाहीत. आपला वेताळ आठवा. विक्रम बोलला की वेताळ पुन्हा झाडावर, आणि उत्तर माहीत असूनही गप्प राहिला तर विक्रमाच्या डोक्याची शकलं. नियम पहिल्यापासून सांगितलेला असतो, म्हणून तर पेच पडतो.

हे सगळ्यात नेटकं कुठे जमलंय विचाराल तर 'क्योको सुइरी'मध्ये. इंग्रजीत तिचं नाव 'इन/स्पेक्टर'. क्यो शिरोदाइरा यांची मूळ कादंबरी 2011 ची, आणि तिला पुढच्या वर्षी होनकाकू मिस्टरी पुरस्कार मिळाला. वाचकासमोर सगळे धागे ठेवून तर्काने उकल करणाऱ्या कथेला जपानमध्ये 'होनकाकू' म्हणतात. भुतांनी भरलेल्या कादंबरीला तो पुरस्कार मिळावा, यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. चाशिबा कातासे यांनी 2015 पासून तिचा मांगा काढला.

नायिका इवानागा कोतोको. लहानपणी योकाई, म्हणजे तिकडची भूत-पिशाच्च मंडळी, तिला उचलून नेतात आणि आमच्या भांडणांचा निवाडा कर म्हणतात. त्या बदल्यात ती एक डोळा आणि एक पाय देते. नायक साकुरागावा कुरो याने दोन गोष्टींचं मांस खाल्लेलं आहे. एक जलपरीचं, त्यामुळे तो मरत नाही. दुसरं 'कुदान'चं. कुदान म्हणजे माणसाच्या तोंडाचं वासरू. भविष्य सांगायचं आणि लगेच मरायचं, अशी त्याची जुनी लोककथा. म्हणजे कुरो मरतो, त्या क्षणी पुढे काय घडावं ते निवडतो आणि पुन्हा उठतो. पण अट अशी, की जे मुळात सहज घडण्याजोगं आहे तेवढंच त्याला निवडता येतं.

आता पहिलं प्रकरण बघा. लोखंडी तुळयांखाली चिरडून मेलेल्या एका गायिकेचं भूत हातात तुळई घेऊन शहरात फिरतंय. मात्र ते तिच्या आत्म्याचं भूत नाही. इंटरनेटवर हजारो लोक त्या अफवेवर विश्वास ठेवतात, त्या विश्वासातून ते जन्मलंय. मारलं तरी परत येतं. मग कोतोको काय करते? त्याच संकेतस्थळावर ती भूत नसलेलं, तर्कात बसणारं आणि साफ खोटं स्पष्टीकरण मांडते. एक पुरत नाही, म्हणून एकामागून एक चार. खरं तिला आणि आपल्याला आधीपासून माहीत असतं. प्रश्न असतो तो खऱ्यापेक्षा पटणारं खोटं रचण्याचा. तिच्या प्रत्येक युक्तिवादाने लोकांचं मन जरासं वळतं, आणि तिकडे कुरो मरत मरत ते भविष्य पक्कं करत जातो. तिचं डोकं चालल्याशिवाय त्याचं मरण वाया आणि तो मेल्याशिवाय तिचा तर्क लुळा. प्रेमकथा वेगळी चिकटवावीच लागत नाही. कुरोची आधीची मैत्रीण साकी, तीही या प्रकरणात आहे. नदीकाठी त्यांच्यासमोर एक कप्पा, म्हणजे पाण्यात राहणारा योकाई, आला आणि कुरोला बघून तोच घाबरला. ते पाहिल्यावर तिला त्याच्यासोबत राहणं जमलं नाही. कोतोकोला मात्र त्याची भीती कधी वाटतच नाही. मला हा भाग फार आवडतो.

निसिओ इसिन यांची 'बाकेमोनोगातारी' (2006) दुसरी वाचा. सेंजोगाहारा नावाच्या मुलीचं वजन फक्त 5 किलो उरलंय, कारण ते एका खेकड्याने नेलंय. इथे चोर कोण हे लगेच कळतं. ती चोरी त्या मुलीला का हवी होती, हे शोधायचं असतं. संवाद लांबलचक आहेत आणि काही ठिकाणी मुलींचं वर्णन मला खटकतं, हे आधीच सांगते.

भूत नुसतं संशयापुरतं हवं असेल तर ह्यूगा नात्सु यांची 'द अपोथेकरी डायरीज' घ्या. पहिल्याच खंडात रात्री राजवाड्याच्या तटावर एक बाई नाचताना दिसते. औषधं जाणणारी माओमाओ तिचा छडा लावते, आणि ते उत्तर प्रेमापाशी जाऊन थांबतं. पुढचं सांगत नाही.

रहस्यापेक्षा हळवेपणा हवा असेल तर युकी मिदोरिकावा यांचा मांगा 'नात्सुमे युजिन्चो'. त्यात प्रेमप्रकरण जवळजवळ नाही, तरी भुतांचा एकटेपणा इतका जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेला मी वाचलेला नाही.

'इन/स्पेक्टर'चा मांगा आणि बाकीची पुस्तकं इंग्रजीत मिळतात. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायचा, पहिल्या वीसेक पानांत सवय होते. 'इन/स्पेक्टर'चा मांगा घेतलात तर एकच खंड घेऊन थांबू नका. तुळईवाल्या भुताचं प्रकरण सहाव्या खंडात संपतं.