पटाशीच्या मुठीवर शोभेची गोल गाठ बांधायला कशी शिकावी?

तुम्ही लिहिलंय की पटाशीच्या मुठीवर पगडीसारखी गोल गाठ बांधायची आहे, व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, पण तिसऱ्या वेढ्याला दोरी कुठून कुठं गेली तेच हरवतं. शिवाय दोरी कोणती घ्यायची हेही विचारलंय.

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करतो. माझ्या आणि शेजारपाजारच्या हत्यारांवर गेली दहाएक वर्षं या गाठी बांधतोय. माझं पहिलं सांगणं हे की व्हिडिओ बंद करा आणि वेणी घाला. ही गाठ म्हणजे दुसरं काही नाही, मुठीभोवती फिरून आपल्याच शेपटीला जाऊन मिळालेली तीन पेडांची वेणी आहे. इंग्रजीत तिला टर्क्स हेड म्हणतात, कारण ती फेट्यासारखी दिसते. नाव आणि फोटो बघून ती अवघड वाटते, पण कोल्हापुरी चपलेची वेणी किंवा बेंदराला बैलाच्या म्होरकीवर घातलेला गोफ ज्यानं जवळून बघितलाय, त्याच्या डोळ्याला ती ओळखीचीच असते.

लाल, पिवळा, हिरवा असे तीन सुती दोरे घ्या आणि सैलसर वेणी घाला. उजवा दोरा मधल्यावरून, मग डावा दोरा मधल्यावरून, ही झाली एक जोडी. अशा तीन जोड्या झाल्या की थांबून बघा, रंग पहिल्या क्रमानं परत आलेले दिसतील. इथंच वेणी वळवून टोकं जुळवलीत तर लाल लालला मिळतो, पिवळा पिवळ्याला, आणि हाताशी तीन वेगवेगळ्या कड्या येतात. एका दोरीची गाठ होत नाही. पण आणखी एक जोडी घाला. आता लालसमोर दुसरा रंग येतो, त्याच्यासमोर तिसरा, आणि तिन्ही मिळून एकच अखंड वाट तयार होते. प्रत्येक जोडीमागे कडेला एक पाकळी येते. म्हणून तीन पेडांना 4, 5, 7, 8 पाकळ्या चालतात. 3, 6, 9 चालत नाहीत. शाळेतला मसावि आठवा: पेड आणि पाकळ्या यांचा मसावि 1 असेल तरच गाठ एका दोरीत पुरी होते. चार पेडांना 5 पाकळ्या चालतात, 6 चालत नाहीत. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या पावसाळ्यातल्या कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. मी तीन पेड आणि 6 पाकळ्यांची गाठ एका दोरीत बसवायला धडपडत होतो.

आता चार किंवा पाच जोड्यांची ती रंगीत वेणी मुठीभोवती गुंडाळा आणि टोकं समोरासमोर आणून चिकटपट्टीनं मुठीला चिकटवा. मग खरी दोरी घ्या, लाल दोऱ्याच्या उजव्या अंगाला लावा आणि त्याच्या सोबतीनं चालायला लागा. तो वरून गेला की तुम्ही वरून, तो खालून गेला की तुम्ही खालून. पट्टीपाशी पोचलात की समोर जो रंग असेल तो पकडा. मुठीला तीन फेऱ्या झाल्या की दोरी निघाली त्या जागी परत येते. आता रंगीत दोरे कापून काढून टाका. एका दोरीची गाठ तुमच्या हातात आहे. दोनतीनदा असं केलंत की रंगीत दोऱ्यांची गरज उरत नाही, बोटंच वाट काढतात.

पुढं तीच वाट दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा चालायची, म्हणजे गाठ भरीव दिसते. आधीच्या दोरीच्या ज्या अंगाला सुरुवात केली तेच अंग शेवटपर्यंत धरा, मध्येच ओलांडू नका.

आणि आता खरं काम. गाठीचं रूप बांधताना ठरत नाही, आवळताना ठरतं. मी पहिल्या खुरप्यावर एका बाजूनं जोरात ओढत गेलो आणि गाठ तिरकी बसली. चार वेळा सोडली. नंतर चपला शिवणाऱ्या एका मामांनी टोक घासून बोथट केलेली आरी दिली आणि म्हणाले, "वाईच वाईच ओढ, एका दमात न्हाई." सुरुवातीच्या टोकापासून प्रत्येक वळणातली थोडीशीच ढील काढायची, ती पुढच्या वळणात सरकवायची, तिथून पुढच्या, अशी पार शेवटपर्यंत न्यायची. मग पुन्हा पहिल्यापासून. तीन फेऱ्या तरी लागतात. बांधायला दहा मिनिटं गेली तर आवळायला अर्धा तास जाऊ द्या.

दोरी शिकताना 2 मिलीमीटरची घट्ट विणीची सुती घ्या. नायलॉन घसरतं, आणि ओलं झालं की ताणतं. सुती दोरी ओली झाली की फुगून आवळते, त्यामुळं आपल्याकडच्या पावसात ती मुठीवर चांगली धरून बसते. सुतळी नको, तिची कुसं हाताला टोचतात. पिळाची दोरी असेल तर पिळाची दिशा बघा. आमचे आबा बैलांची दावी वळायचे, ते म्हणायचे, "पिळाच्या अंगानंच जा बाळा, उलटा गेलास तर ती फुगून बसती."

मापाचं म्हणाल तर 3 सेंटीमीटर जाडीच्या मुठीचा घेर साडेनऊच्या आसपास येतो. तीन पेडांच्या गाठीत एका वाटेला तीन फेऱ्या, तीनदा चाललात तर नऊ, म्हणजे पाऊण मीटरहून जास्त. वळणांना आणि धरायला धरून दीड मीटर कापा. पूर्ण मूठ वेढायची असेल तर हिशोब वेगळा: 10 सेंटीमीटर लांबीत 2 मिलीमीटरचे 50 वेढे, म्हणजे जवळजवळ 5 मीटर, मी 6 कापतो. या वेढ्यात प्रत्येक वेळी टोक त्याच वेढ्याखालून काढून ओढलं की मुठीवर पिळदार कणा फिरत जातो. दिसायला सुंदर, पकडीलाही चांगला. वेढ्याच्या दोन्ही कडांवर एकेक गोल गाठ बसवली की टोकंही झाकली जातात.

सगळ्या हत्यारांवर मात्र बांधू नका. कुऱ्हाडीचा घाव घालताना वरचा हात दांड्यावरून खाली सरकतो; तिथं गाठ असली तर तळवा सोलून निघतो. दांड्याच्या अगदी बुडाशी एक गाठ चालते, हात निसटत नाही. चीर गेलेला दांडा गाठीनं झाकू नका, बदला. आणि फिरत्या मशीनजवळ वापरायच्या हत्याराला लोंबतं टोक किंवा गोंडा कधीही ठेवू नका, हे मी रोज लेथसमोर उभं राहून सांगतोय.

या गाठी नुसत्या शोभेच्या नाहीत. जहाजाच्या सुकाणूच्या चाकावर एका आऱ्याला हीच गाठ बांधायची रीत आहे, म्हणजे तो आरा वर आला की सुकाणू सरळ आहे हे अंधारातही हाताला कळतं. माझ्या दोन पटाश्या दिसायला सारख्या आहेत, एकीवर चार पाकळ्यांची गाठ आहे आणि दुसरीवर गाठच नाही. न बघता हात बरोबर हवी ती उचलतो.

गाठ आवळून झाली की टोकं आरीनं आत दडवा, उरलेलं कापा, आणि लाखेच्या पॉलिशचे दोन पातळ हात द्या. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. मुठीला जवसाचं तेल लावणार असाल तर ते आधी, आणि पूर्ण सुकल्यावरच दोरी. तेलकट लाकडावर गाठ कितीही आवळली तरी फिरते. अडलात तर कितव्या जोडीला अडलात ते आणि फोटो टाका, बघून सांगतो.