‘मान्य करत नाहीत’ की ‘जाणवत नाही’?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. बसल्या जागी पाय हलत राहतो, मान डोलते, आवाज खोल गेलाय. पण विचारलं की म्हणतात, ‘मला कुठे काय होतंय?’ डॉक्टर कागदावर ‘ॲनोसोग्नोसिया’ (आपला आजार आपल्यालाच न जाणवणं) लिहून मोकळे झाले. याला मराठीत काय म्हणावं? आणि डॉक्टरांना दाखवायच्या वहीत नवऱ्याने ‘बाबा मान्य करत नाहीत’ असं लिहिलंय, ते बरोबर आहे का?

आधी दुसऱ्याचं सांगतो. बरोबर नाही. मान्य करायला किंवा नाकारायला गोष्ट आधी कळलेली असावी लागते. त्या वाक्यात बाबा कर्ते आहेत, म्हणजे दोषही त्यांच्याच नावावर जमा. मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, आठवण मला येते. ‘मी’ तिथे काही करत नाही, ते मला होतं. ‘जाणवणे’ याच कुळातलं क्रियापद आहे. ‘बाबांना जाणवत नाही’ म्हटलं की बाबांवरचा आरोप ‘ना’ या एका प्रत्ययाने उतरतो.

हीच गंमत ‘हलणे’ आणि ‘हलवणे’ यांची. माझ्या मामांना हाच आजार होता. गोळीचा अंमल चढला की खुर्चीत बसल्या बसल्या पूर्ण अंग लाटेसारखं वळवळायचं. मामी वैतागून म्हणायच्या, ‘अहो, पाय का हलवताय?’ मामा शांतपणे, ‘मी कुठे हलवतोय?’ आम्ही हसायचो. पण व्याकरणाच्या दृष्टीने मामांचंच खरं होतं. पाय हलत होता, ते हलवत नव्हते. तो हलतोय हेही त्यांना कळत नव्हतं, ही पुढची पायरी. एकदा भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, तर दोनदा पाहिला आणि चष्मा पुसून म्हणाले, ‘एवढं?’

हे हट्टापायी होत नाही. हातापायांची थरथर बहुतेकांना स्वतःला समजते. लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या गोळ्यांमुळे पुढे जी वळवळ सुरू होते, ती मात्र पुष्कळदा घरच्यांना आधी दिसते. आवाजाचंही तसंच. मामा गंगेवर भाजी घ्यायला जायचे (नाशिककराला गोदावरी म्हणायला जमत नाही) आणि परत येऊन तक्रार करायचे की भाजीवाल्या हल्ली बहिऱ्या झाल्यात. अशा माणसाला जरा मोठ्याने बोला म्हटलं, की तो आपल्या-तुपल्यासारखा नेहमीच्या आवाजात बोलतो आणि त्याला वाटतं आपण ओरडतोय. आतलं मापच बदललेलं असतं.

आता तो जड शब्द. बाबिन्स्की या फ्रेंच मेंदूतज्ज्ञाने तो १९१४ साली घडवला. अर्धं अंग लुळं पडलेलं असून ज्यांना त्याचा पत्ता नव्हता, अशा रुग्णांसाठी. ग्रीकमध्ये ‘नोसोस’ म्हणजे रोग, ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान, आणि पुढचा ‘अ’ आपल्या ‘अज्ञान’मधला. ‘ग्नोसिस’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ एकाच मुळाचे. त्या ‘ज्ञा’तूनच आपलं ‘जाणणे’ आलं. म्हणजे ‘जाणीव’ ही ‘ग्नोसिस’ची चुलतबहीण. म्हणून कागदावर ‘लक्षणांची न्यून जाणीव’ लिहा. ‘अभाव’ नको, कारण ती अनेकदा कमी असते, गेलेली नसते.

कुणी ‘भान नसणे’ सुचवतील. मूळ सुंदर आहे: ‘भा’ म्हणजे प्रकाशणे, म्हणून भान म्हणजे मनाला दिसणं. पण घरात हा शब्द टोचतो. ‘तुला काही भान आहे का?’ हे आपण कार्ट्याला विचारतो. उलट ‘देहभान हरपणे’ हे वारीत नाचणाऱ्याचं भाग्य. सासरे दोन्हींत बसत नाहीत. ‘अजाण’ही नको, तो लहान लेकराला शोभतो, सत्तरीतल्या माणसाला नव्हे. ‘अज्ञान’ तर सरळ अपमान.

बोलताना मला ‘नकळत’ आवडतो. ‘पाय नकळत हलतो.’ चारचौघांत सांगितलं तरी कुणाला कमीपणा वाटत नाही.

पार्किन्सन्सचं ‘कंपवात’ हे आपलं जुनं नाव. त्यामुळे लोक फक्त कंप शोधतात. हालचाल मंदावणं, अंग ताठरणं, अक्षर बारीक होत जाणं यातलं काहीच त्या नावात नाही. काहींना तर कंप नसतोच. सासऱ्यांचा हात थरथरत नसेल, तर ‘मला कुठे काय होतंय’ म्हणायला हे नावही त्यांना साथ देत असेल.

वहीतलं वाक्य मी असं लिहीन: ‘४ वाजता गोळी. ५ वाजता उजवा पाय आणि मान हलत होती, साधारण २० मिनिटं. विचारल्यावर बाबा म्हणाले, जाणवलं नाही.’