विचारा तर खरं: आल्सासच्या द्राक्षमळ्यांतून सायकलवर

फ्रान्सच्या पूर्वेला, जर्मनीला खेटून असलेल्या आल्सासबद्दल गेल्या अंकात दोन ओळी काय लिहिल्या, प्रश्नांची रांगच लागली. निम्म्या लोकांना सायकल चालवायचीय, निम्म्यांना वाईन प्यायचीय आणि उरलेल्यांना दोन्ही एकदमच करायचंय. त्या उरलेल्यांशी जरा बोलायचंय, पण आधी काकांचा प्रश्न घेते.

प्रश्न: ताई, मी नुकताच बँकेतून रिटायर झालोय. मी आणि मिसेस रोज सकाळी ३०-४० किमी सायकल मारतो, त्यामुळे स्टॅमिनाचं टेन्शन नाही. आल्सासचा वाईन रूट १७० किमीचा आहे असं वाचलं. रोज ६० धरले तर तीन दिवसांत उरकेल, मग पॅरिस करायला वेळ मिळेल. बरोबर आहे ना प्लॅन? आणि सुरुवात कुठून करायची?
— एक रिटायर्ड बँकवाला

उत्तर: काका, उरकेल हो, पण बघणार काय? पहिली गोष्ट म्हणजे तो १७० किमीवाला गाड्यांचा रस्ता, १९५३ साली सुरू झालेला, उत्तरेला मार्लेनहाइम ते दक्षिणेला टान. त्यावरून सायकल नेऊ नका, टुरिस्ट बसेस आणि गाड्यांची नुसती वर्दळ असते. सायकलवाल्यांसाठी साधारण त्याला समांतर असा वेगळा रूट आहे, ‘वेलोरूट द्यु विन्योब्ल’, साधारण १३० किमी, तोही मार्लेनहाइम ते टानच. लंडनकडून रोमला आणि पुढे ब्रिंदिसीला जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ५’ या लांब पल्ल्याच्या सायकल रूटचाच तो एक तुकडा आहे, म्हणजे निळ्या पाटीवर पिवळ्या ताऱ्यांच्या गोलात ५ आकडा दिसला की समजायचं आपण बरोबर चाललोय. बराचसा भाग मळ्यांमधल्या अरुंद डांबरी वाटांचा आहे जिथे समोरून ट्रॅक्टर आला तर आपणच बाजूला व्हायचं, कारण रस्ता मुळात त्याचा आहे.

सुरुवात स्ट्रासबर्गहून करा. पॅरिसहून टीजीव्ही या सुपरफास्ट ट्रेनने पावणेदोन-दोन तासांत पोचता. तिथून मोल्सहाइमपर्यंत ब्रुश नदीच्या कालव्याच्या काठाने सायकल ट्रॅक जातो, एकदम सपाट, सावलीचा, २०-२५ किमीचा. हा कालवा १६८२ साली व्होबाँने खणवला, चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा इंजिनियर तो, स्ट्रासबर्गच्या तटबंदीसाठी डोंगराकडचा दगड होड्यांतून आणता यावा म्हणून. अजून जुनी लॉक्स (होड्या वर-खाली चढवायचे पाण्याचे दरवाजे) आणि लॉककीपरची घरं दिसतात वाटेत. पाय मोकळे करायला पहिल्या दिवशी यापेक्षा चांगला रस्ता नाही.

मोल्सहाइमनंतर मात्र चढउतार चालू. एकेकटा चढ मोठा नाही, पण गावं व्होज पर्वताच्या पायथ्याशी टेकडीवर नाहीतर खोऱ्याच्या तोंडाशी वसलेली, त्यामुळे दिवसभर वर-खाली वर-खाली चालतं आणि रोजचे सपाटीवरचे ४० किमी इथे ६० सारखे लागतात. आणि खरं सांगू का, किमी मोजायची ही जागाच नाही. रिबोविले ते रिकविर हे अंतर जेमतेम पाच किमी आहे, आणि त्या पाच किमीत उनाविरचं तटबंदी असलेलं चर्च लागतं, करकोचे लागतात (सत्तरच्या दशकात आल्सासमधून जवळजवळ संपलेच होते, उनाविरच्या केंद्राने पुन्हा वाढवले), आणि दर वळणावर फोटोसाठी थांबायला होतं ते वेगळंच. रोज २५-३० किमी धरा, बास. ओबेर्ने, दामबाख-ला-व्हिल, रिबोविले, कायझर्सबर्ग, मग कोलमार असे मुक्काम टाका. टानपर्यंत नाही गेलात तरी चालेल, कोलमारच्या खाली एगिसहाइम तेवढं करा, सातएक किमी आहे, गावाच्या गल्ल्याच एकात एक वर्तुळं काढल्यासारख्या आहेत.

एक हट्टाने सांगते, रिकविरला मुक्कामच करा. दुपारी तिथे बसेस रिकाम्या होतात, मुख्य रस्त्यावर सायकल हातात धरून चालणंसुद्धा कठीण. संध्याकाळी सहानंतर सगळे जातात आणि १२९१ चा तो दोल्देर बुरूज, खालची लाकडी पट्ट्यांची घरं, सगळं तुमच्या दोघांचं. पॅरिस कुठे पळून जात नाही काका.

प्रश्न: दीदी आम्ही चार मित्र आहोत, सगळे पंचविशीतले. आयडिया अशी की प्रत्येक गावात एका वायनरीत टेस्टिंग करत पुढे जायचं, दिवसाला चार-पाच. सायकलला लायसन लागत नाही म्हणजे पोलिसांचा प्रश्न नाही ना?
— चौकडी

उत्तर: आहे ना प्रश्न! फ्रान्समध्ये सायकल हे वाहनच आहे आणि रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा सायकलवाल्यालाही लागते. त्याच्यावर गेलात तर १३५ युरो दंड, ०.८ च्या वर गेलात तर सरळ फौजदारी गुन्हा. कानात इयरफोन घालून चालवलं तरी १३५ युरो, तेही लक्षात ठेवा, कारण तुम्ही घालणार आहात हे मला दिसतंय.

पण दंड राहू द्या. चार वायनऱ्यांनंतर तुम्ही एका उताराला लागता, खाली गावाची वेस, वेशीतून आत गेलं की दगडी फरशी, त्यावर सकाळचं पाणी नाहीतर चिखलाचे ट्रॅक्टरचे पट्टे, आणि हातात ब्रेक. दगडांमधल्या फटीत बारीक टायर अडकला की शुद्धीतला माणूससुद्धा आडवा होतो, तुमचं तर विचारूच नका.

माझं म्हणणं साधं आहे, दिवसा सायकल आणि संध्याकाळी वाईन. मुक्कामाच्या गावी चार वाजेपर्यंत पोचा, सायकल कुलूप लावून ठेवा, आंघोळ करा आणि मग चालत जा. असं एकही गाव नाही जिथे चालत जाण्याच्या अंतरावर दोन-चार वाईनवाले नाहीत. बहुतेक ठिकाणी घरचाच धंदा असतो, मोठं लाकडी दार, आत फरशीचं अंगण, घंटा वाजवली की कुणीतरी हात पुसत बाहेर येतं. टेबलावर बाटल्या ओळीने लागतात आणि क्रम ठरलेला, हलक्यापासून भारीकडे: सिल्व्हानेर, पिनो ब्लाँ, मग रीसलिंग, मग पिनो ग्री आणि शेवटी गेव्हुर्ट्सट्रामिनेर, जिला लिची आणि गुलाबाचा असा वास येतो की ग्लास नाकाखालून खाली ठेववत नाही. उलट्या क्रमाने मागू नका, गेव्हुर्ट्सनंतर रीसलिंग पाण्यासारखी लागते. टेबलावर जे भांडं ठेवलेलं असतं ते थुंकायलाच असतं, त्यात थुंकलं तर कुणाला राग येत नाही, उलट हा माणूस सिरियस आहे असं समजतात. आणि अर्धा तास फुकट चाखून चौघांनी मिळून एकही बाटली न घेता निघणं बरं दिसत नाही, एक तरी घ्या, रात्री तीच प्या.

बाटलीवर ‘ग्राँ क्रू’ लिहिलेलं दिसलं तर तो ठरावीक मळा असतो, आल्सासमध्ये असे ५१ आहेत, आणि बरेचसे तुम्ही दिवसा ज्या चढावर धापा टाकल्या त्याच चढावर असतात. त्या मळ्यातून येऊन त्याचीच वाईन संध्याकाळी प्यायची यात जी गंमत आहे ती दिवसाला पाच टेस्टिंग्ज मारण्यात नाही.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. उपाशी राहायची वेळ येईल का?
— दोघी मैत्रिणी

उत्तर: उपाशी नाही राहणार, पण विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नका. इथली फेमस गोष्ट म्हणजे तार्त फ्लांबे, पापडासारखी पातळ पोळी, वर क्रीम आणि कांदा, लाकडाच्या भट्टीतून येते, कडा थोड्या करपलेल्या. दिसायला निरागस, पण त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. ऑर्डर देताना ‘साँ लार्दाँ’ म्हणा, म्हणजे ते तुकडे नकोत. मशरूमवाली मागितली तरीही म्हणाच, कारण मशरूमसोबत तेही येतात. तीच गोष्ट कुगेलहोफ केकची, मनुकावाला गोड असतो पण एक खारा प्रकारही असतो त्यात पुन्हा तेच. एप्रिल ते जून पांढरा अस्पॅरागस मिळतो, हॅमशिवाय मागा, फार छान लागतो. मुन्स्तेर चीजचा वास भयंकर, चव अफलातून, पण चीजमध्ये रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करायचं विरजण) चालत नसेल तर जपून.

पोटापेक्षा घड्याळ सांभाळा. दुपारी दोननंतर किचन बंद, मग थेट सातला. आणि रविवारी दुकानं जवळजवळ सगळी बंद, इथे जर्मन काळापासूनचे काही स्थानिक कायदे अजून चालतात, त्यामुळे बाकी फ्रान्समध्ये सुट्टी नसलेला गुड फ्रायडेही इथे सुट्टीचा. शनिवारी ब्रेड, चीज, फळं पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या बाजूला लटकणाऱ्या बॅगांत, भरून ठेवायची. कोलमारला १८६५ सालचं छताचं मार्केट आहे, कालव्याच्या काठावर, तिथे भरून घ्या.

प्रश्न: कोणता महिना? आणि ई-बाईक इथून नेता येते का?

उत्तर: ई-बाईकची बॅटरी विमानात चालतच नाही, १६० वॉट-अवरच्या वरची नेता येत नाही आणि या बॅटऱ्या ४००-५०० च्या असतात. तिथेच भाड्याने घ्या, स्ट्रासबर्ग, कोलमार, ओबेर्ने सगळीकडे मिळतात. महिना मे-जून किंवा सप्टेंबर. व्होज पर्वत पश्चिमेचा पाऊस अडवतो म्हणून कोलमार फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक आहे, तरी रेनकोट असू दे. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोड चालू असते, रंगत वेगळीच, पण खोल्या महाग, ट्रॅक्टर जास्त आणि काही वाटा तेवढ्यापुरत्या बंद करतात. आणि घड कितीही खुणावत असला तरी तोडायचा नाही, ती चोरीच झाली. दमलात तर सेलेस्ता किंवा कोलमारहून लोकल टीईआर ट्रेनमध्ये सायकल चढवता येते, फक्त ऑफिसची गर्दी टाळा आणि पॅनियर आधीच काढून हातात घ्या.

प्रश्न: आमच्या घरात कुणी पीत नाही. मग आल्सासला जाऊन उगाच पैसे वाया?

उत्तर: अजिबात नाही, उलट तुमचं डोकं दिवसभर जागेवर राहील! बऱ्याच वाईनवाल्यांकडे द्राक्षाचा रस बाटलीत मिळतो, तो मागा. आणि बघायला इतकं आहे की बस. सेलेस्ताला ह्युमनिस्ट लायब्ररी आहे, तिथे बेआतुस रेनानुस या विद्वानाचा पुस्तकसंग्रह ठेवलाय, तो २०११ पासून युनेस्कोच्या मेमरी ऑफ द वर्ल्ड यादीत आहे. कायझर्सबर्गला शांततेचं नोबेल मिळवणारे डॉक्टर अल्बर्ट श्वाइत्झर १८७५ मध्ये जन्मले. कोलमारला उंटरलिंडेन म्युझियममध्ये चित्रकार ग्रुनेवाल्डने रंगवलेली इझेनहाइमची वेदी (चर्चच्या वेदीमागचे चित्रफलक) आहे, १५१२ ते १५१६ मधली, क्रूसावरच्या येशूच्या बोटांकडे नीट बघा. न्यूयॉर्कच्या लिबर्टीच्या पुतळ्याचा शिल्पकार बार्तोल्दी कोलमारचाच. तुर्कहाइमला मे ते ऑक्टोबर रोज रात्री दहाला पहारेकरी कंदील घेऊन गात फिरतो, टुरिस्टी आहे पण मला आवडतं.

एक अजून, आणि हे बहुतेक जण सायकलवरून सरळ पुढे निघून जातात. रिकविरहून कायझर्सबर्गकडे येताना बेनविर, सिगोल्सहाइम अशी गावं लागतात, चर्च नवी, घरं साधी, फोटोला कुणी थांबत नाही. १९४४ च्या डिसेंबरपासून फेब्रुवारी १९४५ पर्यंत कोलमारभोवती जी लढाई झाली तिच्यात ही गावं जमीनदोस्त झाली आणि नंतर पुन्हा बांधली. तीन-चार किमीवरचं रिकविर तसंच्या तसं उभं राहिलं. आल्सास १८७१ ते १९१८ जर्मनीत, मग फ्रान्समध्ये, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीने गिळलं, १९४५ मध्ये परत फ्रान्स, त्यामुळे जुन्या घरांत एका आयुष्यात चारदा देश बदललेली माणसं होती. सिगोल्सहाइमच्या टेकडीवर सैनिकांचं कब्रस्तान आहे, चढ चांगलाच आहे, पण मळ्यांच्या मधोमध उभं राहून ती ओळीने थडगी बघितली की खालच्या त्या साध्या घरांकडे वेगळ्या नजरेने बघायला होतं.

प्रश्न: सासऱ्यांसाठी दोन बाटल्या आणायच्यात, सायकलवर कशा?

उत्तर: शेवटच्या दिवशी घ्या! भरलेली बाटली सव्वा-दीड किलोची, आणि आल्सासची बाटली उंच सडपातळ असते, सायकलच्या बॉटल केजमध्ये उभी राहत नाही. भारतात येताना माणशी दोन लिटर ड्युटी फ्री चालतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन आरामात. कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेच्या मधोमध ठेवा, आणि सासऱ्यांना सांगा की ‘व्हांदांज तार्दिव्ह’ (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) लिहिलेली गोड असते, नाहीतर चिकनबरोबर उघडतील.