म्हशीचं शिंग पोटाला लागलं, कातडी फाटली नाही, पण खोकलं की गाठ वर येते. हा हर्निया असू शकतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबा 58 वर्षांचे आहेत, तीन आठवड्यांपूर्वी गोठ्यात म्हशीचं शिंग लागलं, वरून फक्त काळंनिळं झालं. आता बेंबीच्या डावीकडे खाली लिंबाएवढी गाठ येते आणि आडवं झालं की जाते. गावातले चोळणारे म्हणतात शीर चढलीय, आणि बाबांचं म्हणणं लावणी उरकू दे, मग बघू.

मी डॉक्टर नाही. देवगड तालुक्यात राहतो, थोडी कलमं आणि थोडं भात. पण हाच प्रकार माझ्या पोटावर झालाय आणि त्यात मी पाच महिने फुकट घालवलेत. तुमच्या वर्णनावरून हर्नियाच वाटतो, म्हणजे पोटाच्या स्नायूंना भोक पडून आतली चरबी किंवा आतडं कातडीखाली बाहेर येतं ते. खात्री सर्जनच करतील, पण चोळणं आजपासून बंद करा.

माझं झालं 2019 च्या मे महिन्यात. म्हैस व्यायल्याला पाच दिवस झाले होते. मी गव्हाणीत गवत टाकायला वाकलो आणि तिने गोमाशी हाकलायला मान झटकली. मारायचं तिच्या मनातही नव्हतं. तिच्या उजव्या शिंगाचं टोक लहानपणीच मोडलेलं, खुंटीसारखं बोथट. ते बेंबीच्या उजवीकडे, चार बोटं खाली बसलं. दम कोंडला, गव्हाण धरून तसाच खाली बसलो. सदरा वर करून पाहिलं तर रुपयाएवढा तांबडा डाग, रक्ताचा थेंब नाही. घरच्यांनी हळद लावली. शेजारचे काका म्हणाले, "काय्येक झालेला नाय." दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाडं शाबूत निघाली, दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या आणि मी घरी आलो. एक्स-रेत हाड दिसतं, फाटलेला स्नायू दिसत नाही, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

नंतर ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जननी ते मोडकं शिंग ऐकल्यावर मान हलवली. म्हणाले, टोक धारदार असतं तर शिंग आत घुसलं असतं, आतडं बाहेर आलं असतं आणि तुम्ही त्याच दिवशी पळत आला असता. बोथट टोकाचा दणका छोट्या जागेवर बसतो. कातडी ताणली जाते, रबरासारखी, आणि परत जागेवर येते. तिच्याखालचे स्नायू आणि त्यांच्यावरचं पांढरं चिवट आवरण मात्र तेवढं ताणत नाही, ते फाटतं. शिवाय त्या क्षणी आपण श्वास रोखून पोट आवळलेलं असतं, त्यामुळे आतला दाबही एकदम वाढतो. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात बसलेल्या मुलांनाही असाच हर्निया होतो. एकूण हा प्रकार दुर्मीळच. पोटाला मुका मार लागलेल्या शंभर जणांत एकाचाही होत नाही, म्हणून तो चुकतोही सहज.

सुरुवातीला सूज असते, रक्त साकळलेलं असतं, त्यामुळे भोक झाकलं जातं. नुसतं साकळलेलं रक्त असेल तर ती गाठ आडवं झाल्यावर आत जात नाही आणि हळूहळू विरते. हर्निया खोकल्यावर, शिंकल्यावर, हंडा उचलल्यावर फुगतो आणि झोपल्यावर आत सरकतो. बाबांना उभं करा, गाठीवर हलका तळहात ठेवा आणि खोकायला सांगा. हाताला धक्का लागला तर समजा. दाबून, चिमटीत पकडून बघू नका.

"झोपल्यावर जाते म्हणजे बरी होतेय" ही माझी मोठी चूक. ती जाते कारण भोक उघडं आहे. मी मेडिकलमधून पट्टा आणला, तो बांधून आंब्याच्या पेट्या उचलल्या, चिखलात जोत धरलं. पट्ट्याने भोक बुजत नाही. जूनमध्ये सुपारीएवढी असलेली गाठ गणपतीत पेरूएवढी झाली. ऑक्टोबरात भातकापणीला भारा डोक्यावर घेतला आणि ती जी बाहेर आली ती आत जाईना. तासाभरात दगडासारखी कडक, मग ओकाऱ्या. रात्री गाडी करून गोव्याला. आतड्याचं एक वेटोळं भोकात अडकून काळपट पडलं होतं. सर्जननी ते सोडवून गरम सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून ठेवलं आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने रंग परत आला. आला नसता तर तेवढं आतडं कापावं लागलं असतं. हे मला शुद्धीवर आल्यावर कळलं, आणि खरं सांगतो, पोटातल्या दुखण्यापेक्षा ते ऐकून जास्त घाम फुटला.

म्हणून लक्षात ठेवा: गाठ आत जात नाही, कडक होऊन दुखते, वरची कातडी लाल किंवा काळपट होते, उलट्या होतात, वारा सरत नाही, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री निघायचं. सकाळची एसटी नाही बघायची. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका.

असं काही नसेल तरी या आठवड्यात जनरल सर्जनला दाखवा आणि सीटी स्कॅनबद्दल विचारा. सोनोग्राफीत कधी दिसतं, कधी निसटतं. सीटीत भोक किती मोठं, त्यात चरबी आहे की आतडं, आणि त्याच दणक्याने आत आणखी काही दुखावलंय का, हे कळतं. तीन आठवड्यांत ताप नाही, पोट फुगलं नाही, हे चांगलंच, पण तेवढ्यावर स्कॅन टाळू नका. आपल्याकडून बरेच जण गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात जातात, तुम्हाला ओरोस-कुडाळ जवळ असेल तर तिथे आधी चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, ऑपरेशन ठरायच्या आधी विचारा. नंतर विचारून हात चोळत बसावं लागतं.

ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा जाळी बसवतात. प्लॅस्टिकची बारीक विणीची असते, मच्छरदाणीसारखी. माझ्या भोकाच्या मानाने जाळी एवढी मोठी कशाला, असं मी वॉर्डात म्हटलं. शेजारच्या खाटेवरचा मालवणचा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, हसला: "भोकाएवढो तुकडो लायलंस तर जाळा परत थयच फाटतला." सर्जननीही नंतर तेच सांगितलं, जाळी चारी बाजूंनी काही सेंटिमीटर चांगल्या स्नायूवर गेली पाहिजे. मला तीन महिने जड उचलायला बंदी होती. खोकला, बद्धकोष्ठ आणि विडी, तिन्हींवर डॉक्टर रागावत. विडी सुटली, हा त्यातला फायदा.

शिंग आत घुसलं असेल किंवा रानडुकराचा सुळा लागला असेल तर सगळा हिशेब बदलतो. बाहेरचं भोक लहान दिसतं, पण जनावर मान फिरवतं तेव्हा आत दोन-तीन दिशांना फाटत गेलेलं असतं आणि त्यात शेण-माती शिरते. अशी जखम घरी शिवायची नाही, हळद भरायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. जखम पूर्ण धुऊन साफ होईपर्यंत जाळीही सहसा बसवत नाहीत, ती नंतर. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, स्वच्छ ओल्या कापडाने झाकून गाठा हॉस्पिटल. जनावर विचित्र वागत असेल, लाळ गाळत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, रेबीजचा विचार करावा लागतो. आणि दोडामार्ग-सावंतवाडीकडे गवा किंवा डुक्कर असेल तर उपचार सुरू असतानाच वनविभागाला कळवा, भरपाईसाठी पंचनामा लागतो.

राहिली लावणी. वाकून चिखलात रोपं लावणं आणि मुठींचे भारे उचलणं, दोन्हीने पोटावर ताण येतो, अगदी नेमका त्याच जागी. बाबांना बांधावर बसवा, मुठी मोजू द्या, ओरडू द्या. वाडीत दोन माणसं जास्त बोलवा, पुढच्या वर्षी तुम्ही त्यांच्या शेतात जा. आणि सीटीचा रिपोर्ट आला की भोक किती सेंटिमीटरचं लिहिलंय ते इथे कळवा, माझं चार होतं.