आधी आपल्या वॉर्डातला चेहरा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू बघायला पाठवलेली राजकीय व्यंगचित्रं सावकाश पाहिली. हात चांगला आहे. शाई कुठे दाट ठेवायची आणि कुठे रेघ नुसती सोडून द्यायची हे तुला कळतं, आणि ते कुणी शिकवून येत नाही. पण सगळा गठ्ठा संपल्यावर एक गोष्ट खटकली, तेवढ्यासाठीच हे पत्र. त्यात पंतप्रधान आहेत, विरोधी पक्षनेते आहेत, आजी-माजी मुख्यमंत्री आहेत. आपल्या सोलापूरचा एकही माणूस नाही.

दिल्ली-मुंबईचे चेहरे मी लगेच ओळखले. पण ते तुझ्या रेषेमुळे, की याआधी ज्यांनी ज्यांनी ते काढले त्यांच्यामुळे, हे तूच तपासून बघ. तीच दाढी, तोच चष्मा, तेच जाकीट. हे सगळं तुला तयार मिळालंय. चित्रं बघून चित्रं काढलीस, माणूस बघायचा राहून गेला. दुरून डोंगर साजरे म्हणतात तसं दुरून नेतेही सोपे. त्यांच्यावर कितीही तिखट चित्र काढलं तरी ते उद्या सकाळी आपल्या गल्लीत भेटत नाहीत.

म्हणून आधी त्यांना काढ, ज्यांना आपल्या डोळ्यांनी बघता येतं. नगरसेवक, आमदार, बाजार समितीचा सभापती, साखर कारखान्याचा चेअरमन, झेडपीतला गटनेता. शहराच्या पूर्व भागात कुठे ना कुठे रस्त्याचं भूमिपूजन निघतंच. वही घेऊन जा. मोबाइलवर फोटो काढत बसू नकोस, फोटोत एक क्षण मिळतो आणि तुला हवी असते सवय. नगरसेवक कुदळ मारतो तेव्हा त्याची नजर जमिनीवर असते की कॅमेऱ्यावर, ते बघ. खिशात मोबाइल किती, वाजल्यावर कुठला उचलतो आणि कुठला नुसता बघून परत ठेवतो. ठेकेदाराच्या खांद्यावर हात कसा पडतो. मग आमदारांची गाडी येते. मघापर्यंत मधोमध उभा असलेला हाच माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो, मान किंचित खाली जाते, हातातला हार आपोआप पुढे होतो. ती खाली गेलेली मान तुला जमली तर चेहऱ्याची फार गरजच उरत नाही. सोलापुरातलं निम्मं पक्षीय राजकारण त्या मानेत दिसतं.

अर्कचित्र (कॅरिकेचर) म्हणजे मोठं नाक, हा समज तुझ्या बऱ्याच चित्रांत दिसतो. नाक मोठं करून भागत नाही. नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर, डोळे एकमेकांपासून किती लांब, कपाळ कुठे संपतं, कान कुठून सुरू होतात, हा सगळा संबंध पकडायचा आणि मग तोच ताणायचा. माझी एक कसोटी आहे. माणूस पाठमोरा काढायचा आणि घरातल्या कुणाला तरी विचारायचं, हा कोण? ओळखलं तर चित्र झालं. नाही ओळखलं तर शर्टावर नाव लिहायचा मोह होईल. तुझ्या एका चित्रात पाच जणांच्या शर्टांवर पाच नावं आहेत. ती खोड आत्ताच मोड.

तू म्हणशील, मोठे व्यंगचित्रकार तर मोठ्याच नेत्यांना काढायचे. खरं आहे, पण ते नेते त्यांच्या गावचे होते, हे विसरू नकोस. व्यंगचित्रकार शंकर (के. शंकर पिल्लै) दिल्लीत बसून नेहरूंना काढत. १९४८ मध्ये त्यांनी साप्ताहिक सुरू केलं तेव्हा खुद्द नेहरूंनी त्यांना सांगितलं होतं की मलाही सोडू नका. बाळासाहेब ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी १९६० च्या ऑगस्टमध्ये मुंबईत ‘मार्मिक’ काढलं, त्याचं प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते झालं, म्हणजे ज्यांच्यावर कुंचला चालणार त्या मुख्यमंत्र्यांच्याच हस्ते. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून वर्षानुवर्षं एक शब्द न बोलता सगळं बघत राहिला, आणि त्यानं बघितलेल्यात मुंबईचे खड्डे होते, तुंबलेलं पाणी होतं, मंत्र्यांचे दौरे होते. व्यंगचित्रकार, नेता आणि वाचक एकाच हवेत राहत होते. म्हणून ते चित्र टोचायचं.

आपल्याकडे विषय कमी आहेत का? उजनी धरण भरलेलं असतं आणि शहरात पाणी वर्षानुवर्षं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येत आलं. दुहेरी जलवाहिनीच्या घोषणा तू शाळेत असल्यापासून ऐकत आलीस. विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून २०२३ च्या जूनमध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. त्या एका चिमणीभोवती किती पुढारी, किती मोर्चे, किती भूमिका फिरल्या ते आठव. मुंबईचा व्यंगचित्रकार ते चित्र काढणार नाही, त्याला त्यातलं कळणारही नाही. तुला कळतं.

तरी स्थानिक पुढाऱ्यांवरची चित्रं इतकी कमी का छापून येतात, हे तुला माहीत असायला हवं. जिल्हा आवृत्तीचा बराच खर्च स्थानिक जाहिरातींवर निघतो, आणि त्यात नेत्यांच्या वाढदिवसाच्या पानभर शुभेच्छा मोठ्या. ज्याचा हसरा फोटो उद्या पहिल्या पानावर लावायचा, त्याच्यावर आज व्यंगचित्र छापायला संपादक बिचकतो. त्याला भित्रा म्हणू नकोस, त्याला पगार वाटायचे असतात. ‘पाण्यात राहून माशाशी वैर कशाला,’ असं तुला घरातही ऐकवतील आणि कचेरीतही. त्यावर तुझ्या हातात एकच उपाय आहे. चित्र बिनचूक कर. प्रत्येक चित्राच्या मागे बातमीचं कात्रण लाव. ठराव कधी झाला, कोण काय म्हणालं, निविदेची तारीख काय. महापालिकेच्या इंद्रभुवनाच्या आवारात जा, सर्वसाधारण सभेला बस, स्वतःच्या कानांनी ऐक. संपादकाला चित्राइतकीच त्या कात्रणाची गरज असते. फोन आला की त्याला काहीतरी पुढे करता यायला हवं.

आता एका चित्राबद्दल, जे मला अजिबात आवडलं नाही. त्या बाई लोकप्रतिनिधी आहेत आणि तू त्यांची साडी, त्यांचं अंग यावर हसू आणलंयस. त्यांनी सभागृहात जे केलं त्याचा चित्रात पत्ताच नाही. माणसाचं शरीर, आजार, जात, रंग हे त्यानं निवडलेलं नसतं. त्याची सही, त्याचं भाषण, त्याचं पक्ष बदलणं हे त्यानं निवडलेलं असतं. मार तिथे. मग हवं तेवढं जोरात मार.

यात आणखी एक पायरी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. शंकर यांनी १९४९ मध्ये एक चित्र काढलं होतं. राज्यघटना म्हणजे गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेतलेले बाबासाहेब आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. घटना तयार व्हायला वेळ लागतोय, एवढाच त्या काळी अर्थ. ते चित्र एनसीईआरटीच्या शालेय पुस्तकात आलं आणि २०१२ मध्ये संसदेपर्यंत वादळ उठलं. पुस्तकाच्या सल्लागारांपैकी सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. ती मोडतोड चूकच होती, त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खरेखुरे फटके खाल्ले, त्यांना बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक कसा दिसला असेल, याचा विचार व्यंगचित्रकारानं करायलाच हवा. चित्र पाठवण्याआधी ते आपल्या वेगवेगळ्या वस्त्यांत, बुधवार पेठेत, साखर पेठेत, विजापूर वेशीत कसं दिसेल असं मनाशी बघ. भ्यायचं म्हणून हे करू नकोस. ज्याला मारायचंय त्यालाच लागावं, शेजारच्याला लागू नये, म्हणून कर.

भीतीचं म्हणशील तर कायदा थोडा माहीत असू दे. २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. पुढे २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हिंसेला चिथावणी नसेल तर सरकारवर टीका करणारं व्यंगचित्र राजद्रोह ठरत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन मजकुरावरून अटक करू देणारं ६६-अ कलम रद्द केलं. बदनामीचा फौजदारी गुन्हा मात्र कायम आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात. म्हणूनच ते कात्रण. आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाशील तेव्हा लक्षात घे की त्यातले कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवत होते, ‘गझनफर’. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेले ते. हे शहर छापील कागदाची किंमत मोजलेलं शहर आहे.

शब्दांचं थोडक्यात सांगतो. तुझ्या चित्रांखाली केवढे संवाद! आपल्या गावात एकाच टपरीवर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी घरातली माणसं एकच पेपर चाळतात. मराठी बोलता येतं पण वाचायला अडखळतो, असा माणूस तुझ्याच गल्लीत आहे. त्याला चित्र बघूनच कळायला हवं. बोलायचंच असेल तर चार शब्द, तेही सोलापुरी. ‘आलं का बे पाणी?’ एवढं खूप झालं.

आणि छोटं काढायला शीक. पेपरातला एक कॉलम चार सेंटिमीटरच्या आसपास असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते, बारीक जाळीच्या छटा काळ्या ठिक्कर होतात. मोठ्या कागदावर काढलेलं चित्र तेवढं लहान करून छापून बघ. त्यातली जी रेघ नाहीशी झाली, ती मुळात लागतच नव्हती.

पुढचा गठ्ठा पाठवशील त्यात निम्मी तरी चित्रं सोलापूरची हवीत, आणि एक तरी पाठमोरं. कात्रणं जोडायला विसरू नकोस. रविवारी सकाळी मी घरीच असतो, घेऊन आलीस तर समोर बसून बघू.

तुझा,
सर